पत्री सरकार: माणसांच्या पायांत पत्री खरंच ठोकली होती का?

आजचा भाग सहावी ते आठवीच्या मुलामुलींसाठी आणि त्यांना इतिहास शिकवणाऱ्या बाई-गुरुजींसाठी आहे. मोठ्यांनीही ऐकायला हरकत नाही, कारण आज ज्या गोंधळाबद्दल बोलायचंय त्यात मोठी माणसंच जास्त अडकलेली दिसतात.

तीन शब्दांपासून सुरुवात करू. भूमिगत. तुफान सेना. पत्री सरकार. साताऱ्या-सांगलीकडे बेचाळीसच्या चळवळीचा विषय निघाला की हे तीन शब्द येतातच. आता बारा वर्षांच्या मुलाच्या कानाने ते ऐका. भूमिगत म्हणजे काय, हे लोक भुयार खणून जमिनीखाली राहत होते? तुफान सेना म्हणजे वादळात लढणारी सेना? आणि पत्री म्हणजे गणपतीला वाहतो ती दूर्वा-बेलाची पत्री का? पानांचं सरकार?

हसू नका. मुलं शब्द जसाच्या तसा घेतात, आणि ही वाईट सवय नाही. पंचाईत अशी की वाक्प्रचार, म्हणी, अलंकार हे सगळं आपण मराठीच्या तासाला शिकवतो. ‘अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा’ म्हटलं, पाच गुण मिळाले, विषय संपला. घंटा होते, इतिहासाचा तास सुरू होतो आणि तिथे शब्द सरळच असतात असं आपण धरून चालतो. तसं नसतं. इतिहासाच्या पुस्तकातही शब्द वाकडे चालतात, फक्त खाली ‘अलंकार ओळखा’ असं लिहिलेलं नसतं.

कुठली गोष्ट, कधीची गोष्ट

आधी थोडा भूगोल. आजचे सातारा आणि सांगली हे दोन वेगळे जिल्हे आहेत. १९४२ साली वाळवा, तासगाव, शिराळा, खानापूर हे सगळे तालुके सातारा जिल्ह्यातच होते. सांगली, मिरज, औंध, जत ही मध्ये मध्ये पसरलेली वेगळी संस्थानं होती. पुढे १९४९ मध्ये दक्षिण सातारा असा जिल्हा निघाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. त्यामुळे जुन्या मजकुरात ‘सातारचं प्रतिसरकार’ असं वाचलंत तर त्यातली निम्मी गावं आजच्या सांगलीतली आहेत, हे लक्षात असू द्या.

ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईत गवालिया टँकवर ‘चले जाव’ची हाक दिली गेली आणि पुढारी पकडले गेले. महिनाभरात इकडे कराड, तासगाव, वडूज, इस्लामपूर इथल्या मामलेदार कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. माणसं हातात तिरंगा घेऊन चालत गेली. ९ सप्टेंबरला वडूजला गोळीबार झाला, त्यात परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण गेले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपूरला गोळीबार झाला, तिथे दोघे गेले. त्यानंतर उघड मोर्चे काढणं अवघड झालं. कार्यकर्ते पांगले, आणि १९४३ पासून गावोगावी स्वतःचा कारभार उभा राहू लागला. तंटे गावातच सोडवायचे, दारूबंदी करायची, कमी खर्चात लग्नं लावायची, चळवळीच्या नावावर लुटणाऱ्या दरोडेखोरांचा बंदोबस्त करायचा. हे प्रतिसरकार. येडेमच्छिंद्रचे नाना पाटील हा त्याचा सगळ्यांत ओळखीचा चेहरा. १९४६ मध्ये प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं, पकड वॉरंटं मागे घेतली गेली, आणि माणसं उघडपणे घरी आली.

तीन प्रश्नांची चाळणी

आता एक हत्यार हातात घेऊ. ते बाहेरून आणायला नको, आपल्या व्याकरणातच आहे. शब्दाच्या तीन शक्ती मानल्या आहेत. अभिधा म्हणजे सरळ अर्थ. लक्षणा म्हणजे सरळ अर्थ लागत नाही म्हणून शेजारचा घ्यावा लागतो तो अर्थ. आणि व्यंजना म्हणजे या दोन्हींच्या पलीकडे जे सुचवलं जातं ते.

यातली लक्षणा कधी मानायची, यासाठी मम्मटाने अकराव्या शतकात ‘काव्यप्रकाश’ या ग्रंथात तीन अटी सांगितल्या. नावं जड आहेत, म्हणून मी त्यांचे साधे प्रश्न करतो.

पहिला: सरळ अर्थ घेतला तर अडतं का?
दुसरा: सरळ अर्थाचा आणि आपण घेतलेल्या अर्थाचा काही संबंध आहे का?
तिसरा: असं फिरवून का बोलले? सगळेच तसं म्हणतात म्हणून, की काही खास हेतू होता?

‘सांगली हळदीवर जगते’ हे वाक्य घ्या. सरळ अर्थ अडतो, कारण कुणी सकाळ-संध्याकाळ हळद खात नाही. संबंध आहे, हळदीच्या व्यापारावर घरं चालतात. आणि हेतू म्हणजे त्या एका पिकाचं गावातलं वजन दाखवायचंय. तिन्ही उत्तरं मिळाली, म्हणजे लक्षणा पक्की.

आता आपले शब्द या चाळणीत टाकू.

‘भूमिगत’. सरळ अर्थ अडतो. तीन-साडेतीन वर्षं शेकडो माणसं जमिनीखाली राहू शकत नाहीत. मग ती होती कुठे? जमिनीवरच. डोंगरातल्या वस्त्यांवर, रानातल्या खोपटात, ओळखीच्या घराच्या माळ्यावर. पण सरकारच्या नजरेला ती नव्हती, जमिनीने गिळल्यासारखी गायब होती. आणि हा अर्थ एकदा कळला की पुढचा, इतिहासाचा खरा प्रश्न सुचतो: यांना जेवायला कोण घालत होतं? भाकरी कोण थापत होतं? भुयाराचं चित्र डोक्यात असेल तर हा प्रश्न येतच नाही. भुयार नव्हतं म्हटल्यावर ज्यांनी दार उघडलं ती घरं दिसायला लागतात, आणि त्या घरांतल्या बाया दिसायला लागतात.

‘क्रांतिसिंह’. लोकांनी नाना पाटलांना दिलेली पदवी. ‘हा मुलगा सिंह आहे’ हे तर संस्कृतातल्या शास्त्रकारांचं लक्षणेचं ठरलेलं उदाहरण. इथे कुणीच फसत नाही.

‘हुतात्मा’. वडूजला, इस्लामपूरला आपण सहज म्हणतो, हुतात्मा स्मारक. हुत म्हणजे यज्ञात अर्पण केलेलं. ज्याने स्वतःचीच आहुती दिली तो हुतात्मा. होमकुंड नव्हतं, मामलेदार कचेरीसमोरचं मैदान होतं आणि पोलिसांच्या बंदुका होत्या. शब्द इतका वापरात मुरलाय की त्यातली तुलना आपण विसरून गेलो.

‘तुफान सेना’. प्रतिसरकारच्या जवानांच्या दलाचं नाव. कुंडलचे जी. डी. बापू लाड, कॅप्टन भाऊ म्हणून ओळखले जाणारे रामचंद्र श्रीपती लाड ही त्यातली नावाजलेली माणसं. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ रेल्वे अडवून सरकारी पगाराची रक्कम पळवली, ती याच सेनेने. अचानक यायचं, काम करायचं, निघून जायचं, म्हणून तुफान. त्याच काळात बंगालमध्ये मेदिनीपूर जिल्ह्यात तमलुकला असंच एक सरकार उभं राहिलं होतं. त्यांच्या दलाचं नाव विद्युत वाहिनी, म्हणजे विजेची सेना. इकडे तुफान, तिकडे वीज. पण मेदिनीपूरला १६ ऑक्टोबर १९४२ रोजी खरोखरचं चक्रीवादळ आलं होतं आणि त्यात हजारो माणसं मेली होती. म्हणजे साताऱ्याच्या गोष्टीत ‘तुफान’ आलं तर ती उपमा, आणि मेदिनीपूरच्या गोष्टीत ‘वादळ’ आलं तर थांबून विचारायला पाहिजे, हे कुठलं वादळ? तोच शब्द, पण गाव बदललं की अर्थ तपासावा लागतो.

उलटी चूक

आतापर्यंत आपण लाक्षणिक शब्द सरळ घेण्याची चूक पाहिली. उलटी चूकही होते. सरळ शब्द अलंकार समजून सोडून द्यायचा.

‘वसंतदादांनी सांगलीचा तुरुंग फोडला.’ मुलांना आता सवय झालेली असते, ती म्हणतात, म्हणजे पोलिसांच्या हातावर तुरी दिल्या, चकवून पळाले. नाही बाळांनो. २४ जुलै १९४३ ला वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार सांगलीच्या तुरुंगातून खरोखर बाहेर पडले, तटावरून खाली खरोखर उड्या टाकल्या, आणि मागून खऱ्या गोळ्या आल्या. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव यांचा त्यात जीव गेला. वसंतदादांच्या खांद्यात गोळी घुसली आणि ते पकडले गेले. हातावर तुरी देणं हा वाक्प्रचार आहे. खांद्यातली गोळी वाक्प्रचार नाही.

म्हणून सगळं सरळ घ्यायचं असंही नाही आणि सगळं अलंकारिक समजायचं असंही नाही. प्रत्येक शब्दाला वेगळं विचारायचं.

आता पत्री

आणि इथे आपली चाळणी अडते.

ज्यांनी बैलगाडी जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. रस्त्यावर ओझं ओढणाऱ्या बैलाचे खूर झिजतात, म्हणून त्याला पत्री मारतात. बैलाला दोर टाकून आडवा पाडायचा, चारही पाय एकत्र बांधायचे, खूर वर करायचे आणि लोखंडाचे छोटे पत्रे खिळ्यांनी ठोकायचे. बैलाचा खूर दुभंगलेला असतो, म्हणून एका पायाला दोन पत्र्या. घोड्याचा एकसंध नाल तिथे बसत नाही.

आणि गावोगाव सांगितलं जातं ते असं: प्रतिसरकारवाले पोलिसांच्या खबऱ्यांना, गावगुंडांना पकडायचे आणि बैलासारखी त्यांच्या पायांत पत्री ठोकायचे, म्हणून नाव पडलं पत्री सरकार. लहानपणी मीही हे असंच ऐकलं आणि खरं मानलं. रात्री झोपताना आपले तळवे पांघरुणात ओढून घेतल्याचं मला आठवतंय.

आता पहिला प्रश्न विचारा. सरळ अर्थ अडतो का? माणूस जमिनीखाली तीन वर्षं राहू शकत नाही, माणूस सिंह असू शकत नाही. पण माणसाच्या पायात लोखंड ठोकणं? भयंकर आहे, पण अशक्य नाही. माणसांनी माणसांना याहून वाईट केलेलं आहे. कवितेत सरळ अर्थ हमखास अडतो आणि आपल्याला इशारा मिळतो. इतिहासात कधी कधी दोन्ही अर्थ शक्य असतात, आणि मग व्याकरण पुरत नाही. मग साक्ष लागते.

साक्ष आहे. कॅप्टन भाऊ दीर्घायुषी झाले, २०२२ मध्ये वारले. उतारवयात पत्रकार पी. साईनाथ यांना त्यांनी त्या शिक्षेचं वर्णन सांगितलं होतं. थोडक्यात असं: खबऱ्याला रात्री त्याच्या एका साथीदारासह गावाबाहेर न्यायचं. त्याच्या घोट्यांमध्ये काठी घालून पाय बांधायचे, तळवे वर करायचे आणि तळव्यांवर काठीने मारायचं. शरीराच्या दुसऱ्या भागाला हात लावायचा नाही. पुढे कित्येक दिवस त्याला नीट चालता यायचं नाही. मग साथीदाराच्या पाठीवर घालून त्याला घरी पाठवायचं.

या वर्णनात लोखंड नाही, खिळा नाही. काठी आहे. मग ही साक्ष मानायची का? वर्गात हा प्रश्न जरूर विचारावा. कुणी म्हणेल, ते स्वतःच चळवळीतले, सौम्य करूनच सांगणार. रास्त शंका आहे. पण जे सांगितलं ते सौम्य आहे का बघा. बांधलेल्या माणसाला चालता येणार नाही इतकं मारलं, हे ते आडपडदा न ठेवता सांगतात. ज्याला लपवायचं असतं तो एवढंही सांगत नाही.

आता चाळणीचा दुसरा प्रश्न. संबंध आहे का? बैलाला पत्री मारतानाचं दृश्य पुन्हा डोळ्यांपुढे आणा. आडवा पाडलेला, पाय बांधलेले, खूर वर, आणि त्यावर ठोके पडतायत. या माणसाचंही तेच. पाय बांधलेले, तळवे वर, आणि ठोके. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या कुणालाही हे दृश्य पाहून दुसरा शब्द सुचलाच नसता. ‘पत्री मारली.’ वर आणखी एक खोच आहे. पत्री मारली की बैल नीट चालायला लागतो. हा माणूस वाकड्या वाटेने चालला होता, त्यालाही पत्री मारली, आता चालेल सरळ. ज्याने कुणी हा शब्द पहिल्यांदा वापरला असेल, तो शाळेत किती शिकला होता ठाऊक नाही, पण भाषा त्याला पक्की येत होती.

शिवाय ‘प्रति’ आणि ‘पत्री’ म्हणून बघा. अक्षरं तीच, नुसती जागा बदललेली. प्रतिसरकार हा सभेतला, कागदावरचा शब्द. पत्री सरकार हा गोठ्यातला आणि पारावरचा.

नाव काय काम करत होतं

तिसरा प्रश्न राहिला, हेतूचा. आणि इथेच व्यंजना येते, म्हणजे न बोलता सुचवलेलं.

गावात कुजबुज सुरू झाली, ‘अमक्याला पत्री मारली.’ ऐकणाऱ्याने पाहिलेलं काहीच नाही. त्याच्या डोळ्यांपुढे खिळे आले, लोखंड आलं. दुसऱ्या दिवशी पोलीस पाटलाकडे जाऊन चुगली करायची असेल तर तो दहा वेळा विचार करणार. भूमिगत माणसाचा जीव एका चुगलीवर टांगलेला होता. काठीने एका माणसाला मारलं असेल, पण शब्दाने सगळ्या गावाला गप्प बसवलं. तेव्हा हा गैरसमज घाईने दूर करण्याची चळवळीला काय गरज होती?

आणि तोच शब्द विरोधकांच्याही कामाचा होता. यांना सरकार कसलं म्हणता, हे तर माणसांच्या पायांत खिळे ठोकणारे लोक. एकाच शब्दावर एकाला धाक बसवता येत होता आणि दुसऱ्याला बदनामी करता येत होती. दोघांच्याही सोयीचा होता तो सरळ अर्थ. म्हणून तर तो टिकला असावा.

मग मुलांना काय सांगायचं?

इथे मला दोन सोप्या वाटा दिसतात, आणि दोन्ही टाळाव्यात असं वाटतं.

एक वाट म्हणजे रंगवून सांगायचं. पायांत पत्र्या ठोकल्या, कसे किंचाळले असतील! मुलं डोळे मोठे करून ऐकतात. पण मग नाना पाटलांचं नाव काढलं की मुलांना न्यायदान, दारूबंदी, साधी लग्नं यातलं काही आठवत नाही. खिळे तेवढे आठवतात.

दुसरी वाट सुशिक्षितांची. ‘अहो, ते अलंकारिक आहे, तसं काही नव्हतं.’ विषय बंद. हेही खोटं आहे. लोखंड अलंकारिक होतं. मार अलंकारिक नव्हता. ज्याला साथीदाराच्या पाठीवरून घरी यावं लागलं त्याच्या दृष्टीने ती उपमा नव्हती. आणि तो कोण होता? बहुतेक वेळा गावातलाच कुणीतरी. त्याची नातवंडं, पतवंडं कदाचित त्याच शाळेत, त्याच बाकावर शेजारी बसलेली असतील. म्हणून हा शब्द वर्गात जपून उच्चारावा, आणि पूर्ण समजावून सांगावा.

तुलना ओळखली म्हणजे खालची घटना पुसली जात नाही. आज घरी एवढं एक वाक्य घेऊन गेलात तरी पुष्कळ झालं. लाक्षणिक अर्थ कळणं म्हणजे शब्दावरचं झाकण उघडणं. आत काय निघेल ते निघेल: भाकरी थापणाऱ्या बाया निघतील, किंवा सुजलेले तळवे निघतील. जे निघेल ते सांगायचं.

वर्गासाठी एक सोपा उपक्रम सुचवतो. फळ्यावर चार रकाने आखा. पहिल्यात शब्द. दुसऱ्यात सरळ अर्थ. तिसऱ्यात, तसा का म्हटलं असेल. चौथ्यात, प्रत्यक्षात काय घडलं आणि आपल्याला ते कशावरून कळलं. भूमिगत, तुफान सेना, हुतात्मा, तुरुंग फोडणे, पत्री, एवढे पाच शब्द भरा. चौथा रकाना सगळ्यांत अवघड जाईल. जाऊ द्या. इतिहास त्याच रकान्यात आहे.

आणि सुट्टीत आजोळी गेलात तर आजी-आजोबांना विचारा, आपल्या भागात पत्री सरकारबद्दल काय सांगायचे? ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवा, सुधारू नका. कुठे बैलाला पत्री मारताना दिसलं तर दोन मिनिटं थांबून बघा. हल्ली ते दृश्यही दुर्मिळ होत चाललंय, आणि ज्या दिवशी ते कुणालाच आठवणार नाही, त्या दिवशी या शब्दाचा सरळ अर्थही जाईल आणि तुलनाही जाईल. मग खरंच कुणीतरी सांगेल, पत्री सरकार म्हणजे पानांचं सरकार.

आज इथेच थांबतो. पुन्हा भेटू. नमस्कार.